प्रकृतीची चिंता नसावी

पुरोहित यजमानासमोर बसला की पहिला प्रश्न विचारतो तो नावाचा आणि गोत्राचा. आचमन आणि प्राणायाम झाले की संकल्प येतो. कर्म करणारा कोण, तो कोठे बसला आहे, कोणत्या तिथीला आणि कशासाठी हे करतो आहे, याचा स्पष्ट उच्चार झाल्यावाचून पुढे सरकता येत नाही. आयुष्यभर मी हा प्रश्न घरोघर विचारीत आलो. ज्यांना गोत्र ठाऊक नसते ते ओशाळतात; त्यांना 'काश्यप म्हणा' असे सांगून मोकळे करायचे असते. ज्यांना ठाऊक असते ते मान ताठ करून सांगतात. गोत्र विचारले असता सांगू नये, असे कोणत्याही गुरूने मला शिकवले नाही. माझ्या आयुष्यातली सर्वांत लाजिरवाणी चूक येथूनच सुरू झाली.

माझे अध्ययन वाईला, गुरुगृही झाले. बिऱ्हाड मात्र साताऱ्यात केले, आणि यजमान सातारा, फलटण, तासगाव, सांगली असे एसटीच्या वाटेवर पसरलेले. नव्वदच्या दशकात या यजमानांची मुले एकामागून एक अमेरिकेस जाऊ लागली. मला वाटले, आता ही घरे आपल्या हातून सुटली. घडले उलटेच. इथे असताना जी मुले पूजेच्या वेळी गच्चीवर पळत, ती तिकडे गेल्यावर मला विचारू लागली, 'गुरुजी, बाबांचे श्राद्ध इथे कोणत्या दिवशी करू?'

बाहेरच्या माणसाला हा प्रश्न साधा वाटेल. श्राद्धाला ती तिथी अपराह्णी, म्हणजे दुपार कलल्यावर, असावी लागते. अमेरिकेत दुपार कलते तेव्हा आपल्याकडे लोक अंथरुणावर पडलेले असतात, आणि तेवढ्या अंतरात तिथी पालटलेली असू शकते. म्हणून सांगलीच्या आईने ज्या दिवशी पान वाढायचे, त्याच दिवशी तिकडच्या मुलाने वाढायचे असे नसते. त्यांच्या गावचा सूर्योदय काढून मी गणित मांडीत असे. एकाने वास्तुशांतीचे हवन केले आणि छताला लावलेली धुराची घंटा अशी वाजली की अग्निशामक दलाची गाडी दाराशी आली. त्याने मला कळवले, 'गुरुजी, पूर्णाहुतीला आठ पाहुणे जास्त होते.' दुसऱ्याने विचारले की संकल्पात 'भारतवर्षे' म्हणायचे तर मी बसलो आहे ते शिकागोत, असत्य भाषणाचा दोष लागेल का? या प्रश्नावर मी पुष्कळ ग्रंथ चाळले. त्याला काय उत्तर दिले ते येथे सांगत नाही. आमच्यांत अजून वाद आहे.

हा सारा व्यवहार ई-मेलने चाले. बसस्थानकाजवळ रामचंद्र शिंदे यांचे दुकान होते. सैन्याच्या सिग्नल खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला हा गृहस्थ. आधी त्यांनी एसटीडी बूथ घातले, मग त्याच खोलीत दोन संगणक आणून बाहेर पाटी लावली. साताऱ्यात तेव्हा इंटरनेट नवे होते, आणि त्यांच्याकडे येणारी गिऱ्हाइके बहुधा कॉलेजातली. त्यांत धोतर, उपरणे आणि बगलेत पंचांग असा मी. प्रारंभी हवालदारच माझी पत्रे वाचून दाखवीत आणि रोमन अक्षरांत मराठी उत्तर टंकित करीत. पुढे मला संकोच वाटू लागला. यजमान पुरोहिताला जे लिहितात ते सर्वांनी वाचावे असे नसते. कोणाला मूल होत नसते, कोणाची सून माहेरी निघून गेलेली असते, कोणी कर्ज फिटावे म्हणून अनुष्ठान विचारतो. ते मनात ठेवणे हे आमच्या कामाचे निम्मे अंग आहे. म्हणून मी एका बोटाने टंकन शिकलो. त्याचा मला अभिमान होता, हे लपवीत नाही.

खाते उघडताना हवालदार म्हणाले होते, "गुरुजी, एक गुप्त शब्द ठरवा. पासवर्ड. तुमी कवा इसरनार न्हाई असा."

मी माझे गोत्र ठरवले.

एका दुपारी हवालदार जेवायला घरी गेले असता मी एकटाच संगणकासमोर बसलो होतो. एक इंग्रजी पत्र आलेले होते. ज्या कंपनीचे ते खाते होते तिचे नाव आणि चिन्ह वर होते. खात्यांची नवी नोंदणी चालू आहे, तरी खातेदाराने आपले नाव आणि गुप्त शब्द उलट टपाली कळवावा, अन्यथा खाते बंद होऊन पत्रे नष्ट होतील, असा मजकूर होता. भाषा आदराची होती. मला संशय शिवलाही नाही. कोणी नाव आणि गोत्र विचारतो आहे, ते नीट सांगावे, एवढेच माझ्या मनाला कळले. चाळीस वर्षांचे वळण होते ते. मी नाव लिहिले, गोत्र लिहिले, आणि उत्तर अपुरे वाटू नये म्हणून प्रवरही, म्हणजे गोत्रातल्या ऋषींची नावेही, लिहिले.

पुढे काही दिवस काहीच घडले नाही.

मग एका सकाळी फलटणचे आबा जगताप मोटारसायकलवरून आले. उसाचे मोठे बागायतदार. त्यांच्या घरची दोन लग्ने मी लावली होती. हातात शहाळ्यांचा घड. मी अंगणात तुळशीला पाणी घालीत होतो. मला पाहून ते फाटकातच थबकले.

"आवं गुरुजी! तुमी उभं कसं?"

"का बरे, आबा? बसायला हवे होते का?"

"न्हाई, म्हंजे... पोराचा अमेरिकेतनं फोन आला. म्हनला, गुरुजींचं हार्ट गेलंय, पुन्याला दवाखान्यात टाकलंय, ऑपरेशनला पैसं पायजेत. तुमच्या पुतन्याचं पत्र आलंय म्हनं."

"मला पुतण्या नाही."

आबांनी शहाळी खाली ठेवली. "मंग कुनीतरी लय मोठा डाव टाकलाय बघा," ते म्हणाले. आणि मग, माणूस मोकळा, म्हणून हसले. "बरं झालं म्या पैसं न आनता श्याळी आनली!"

त्यांना चहासाठी थांबवण्याचेही मला सुचले नाही. तसाच हवालदारांकडे गेलो. त्यांनी माझ्याच समोर खाते उघडून पाठवलेली पत्रे दाखवली. माझ्या नावाच्या खात्यातून, मी कधीही न लिहिलेली पत्रे अमेरिकेतल्या झाडून साऱ्या यजमानपुत्रांना गेली होती. मराठी शुद्ध, घरगुती. ज्याच्या घरी जे घडले त्याचा उल्लेख करून लिहिलेली. 'आपल्या वडिलांच्या वेळी गुरुजी तीन दिवस आपल्या घरी राहिले होते' असे सांगलीच्या यजमानांच्या मुलाला, शिरीषला, लिहिले होते. हे त्या माणसाला कोठून कळले? शिरीषनेच मला पूर्वी लिहिलेल्या कृतज्ञतेच्या पत्रातून. म्हणजे कोणा अपरिचिताने तिथे बसून सर्व काही वाचले होते. ज्या घरांनी आपली दुःखे माझ्यापाशी ठेवली, त्या सर्वांच्या दाराची किल्ली मी आदरपूर्वक त्याच्या हातात दिली होती.

"कुनाला पासवर्ड सांगितला हुता का?" हवालदारांनी विचारले.

मी सांगितले.

ते हसले नाहीत. खुर्ची पुढे ओढून ते कामाला लागले. "घाबरू नगा. आमच्यात कोड फुटला की काय करायचं ते ठरल्यालं असतंय. आधी कोड बदलायचा. ह्यो बदलला. आता नवा शब्द घरातला नगं, देवातला नगं, काय बी अर्थ नसल्याला टाका. दुसरं, ज्येला ज्येला खोटा मेसेज गेलाय त्येला खरा मेसेज. आजच, आत्ता. तिसरं, जवळची मानसं हायत त्यांस्नी फोन. पैसं कुठल्या नावावर मागितल्यात ते लिवून घ्या, त्या बँकेला कळवा. आन् पोलिसात. ही पत्रं पुसू नगा, कागदावर छापून घेऊ, पुरावा हाय."

इतका स्पष्ट मार्ग मला शास्त्रग्रंथांतही क्वचित मिळाला आहे. त्या माणसाचे ऐकले असते तर हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते.

मी म्हणालो, "पत्र मी सांगतो तसे लिहा." आणि डोळे मिटून सांगितले: "सप्रेम नमस्कार. काही तांत्रिक अडचणीमुळे माझ्या नावे काही मजकूर आपणांकडे आला असल्यास त्याकडे दुर्लक्ष व्हावे. माझ्या प्रकृतीची चिंता नसावी. माझ्यासाठी कोणीही द्रव्य पाठवण्याचे कष्ट घेऊ नयेत. ईश्वर आपले कल्याण करो."

हवालदारांची बोटे थांबली. "गुरुजी, ह्यात 'मी फसलो' कुठं हाय?"

"ते अभिप्रेत आहे."

"सिग्नलमध्ये अभिप्रेत चालत न्हाई. 'चोरानं माझ्या नावानं लिवलंय, पैसं देऊ नगा,' असं टाकू का?"

"जसे सांगितले तसे लिहा, हवालदार."

"ऑर्डर हाय, लिवतो," ते म्हणाले. लिहून झाल्यावर फोनकडे हात नेत त्यांनी विचारले, "सांगलीला कमलताईंना लावू? त्यांच्या शिरीषलाबी पत्र गेलंय. दोन मिंटाचं काम हाय."

मी नको म्हणालो. पत्र पुरेसे आहे असे सांगितले.

कमलताई म्हणजे शिरीषच्या मातोश्री. त्यांचे यजमान वारले तेव्हा दीर मंडळी नाना प्रकारचे कागद घेऊन त्यांच्यापुढे बसली होती. त्यांनी प्रत्येक कागद माझ्यापुढे ठेवला, आणि मी सांगेन तेव्हाच सही केली. तेव्हापासून त्या घरात माझा शब्द अखेरचा. 'गुरुजींना कोणी फसवू शकत नाही,' हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर ऐकले होते, आणि नम्रतेने मान खाली घातली होती. त्या बाईंना फोनवर काय सांगायचे होते? की मला कोणी विचारले आणि मी सांगितले?

त्या दिवशी पोलिसांतही गेलो नाही. संध्या केली, जप केला. जपात मन लागले नाही.

पुढच्या गोष्टी आधी सांगून टाकतो, कारण त्या सांगणे सोपे आहे. नंतर मी एसटीने घरोघर फिरून ही हकीकत सांगितली. तासगावला बेदाण्याचे एक व्यापारी आहेत, गणपतीचे मोठे भक्त. ते इतके हसले की शेडमध्ये बेदाणा निवडणाऱ्या बायका वळून पाहू लागल्या. हसून झाल्यावर त्यांनी मला आत नेले, दार लोटले, आणि म्हणाले, "गुरुजी, गेल्या साली एक जन आला. दिल्लीचा व्यापारी म्हनून. सूट, बूट, फोनवर हिंदी. समदा माल घेऊन गेला. बायकोला अजून म्हाईत न्हाई." तेव्हापासून मी पाहिले आहे की आपण आधी आपले सांगितले की समोरचा आपले सांगतो. आणि असे सांगण्यासारखे काही नाही असे घर मला फार थोडे आढळले. साताऱ्यात एका निवृत्त सुभेदारांनी तर आपली गोष्ट सांगून मला सलाम केला. का केला ते मला अजून कळलेले नाही.

आता सांगलीचे सांगतो.

नेहमीच्या फेरीत काही दिवसांनी मी सांगलीस गेलो आणि कमलताईंच्या दारी उभा राहिलो. त्यांनी दार उघडले आणि त्यांच्या हातातली जपमाळ तशीच राहिली.

"अहो, तुम्ही कशाला आलात या अवस्थेत? कुणी सोडलं तुम्हाला दवाखान्यातून?"

त्यांनी मला धरून खुर्चीवर बसवले. देवापुढे समई तेवत होती. माझ्यासाठी महामृत्युंजयाचा जप चालू होता, आणि त्या एक वेळ जेवत होत्या. मी काही बोलण्याआधीच त्या म्हणाल्या, "पैसे पोचले ना? ड्राफ्ट कुरियरने पाठवलाय. शिरीष म्हणत होता, आई, तू दे, मी तुला लगेच पाठवतो. मी म्हटलं, एक पैसा पाठवू नकोस. गुरुजींचं माझं मी बघेन."

ते पैसे कोणते, हे मला ठाऊक होते. सुनेला दिवस गेले होते. बाळंतपणासाठी कमलताई अमेरिकेस जाणार होत्या, आणि तिकीट मुलाच्या नव्हे तर आपल्या पैशाने काढणार होत्या. 'सुनेच्या दारात मी माझ्या पायांनी जाणार,' असे त्या म्हणत. प्रस्थानाचा मुहूर्त मीच काढून दिला होता.

मी सांगितले. या वेळी सरळ सांगितले. मी आजारी नाही, नव्हतो. एका चोराने पत्र पाठवून माझा गुप्त शब्द मागितला, तो मी दिला. त्याने माझ्या नावाने साऱ्यांना लिहिले. आणि हे सर्व मला कळून कित्येक दिवस झाले आहेत.

कमलताई जपमाळ पिशवीत घालून उठल्या. "चला, बँकेत जाऊ. ड्राफ्ट अजून वटला नसेल तर थांबवता येतो. यांच्या वेळी एकदा थांबवला होता."

बँकेत व्यवस्थापकांनी पुण्याच्या शाखेस फोन लावला. बराच वेळ ते 'हो, हो' म्हणत राहिले. मग फोन ठेवून त्यांनी चष्मा काढला. ड्राफ्ट आदल्याच दिवशी वटला होता. पैसे काढून खाते रिकामे झाले होते. "दोन दिवस आधी कळलं असतं तर," ते म्हणाले, आणि माझ्याकडे पाहून वाक्य पुरे न करण्याची सभ्यता त्यांनी दाखवली.

तेथून पोलीस ठाण्यात. तेथील अंमलदारांनी तक्रार लिहून घेतली. त्यांनाही हा प्रकार नवाच होता.

"ई-मेल म्हंजे फॅक्स?"

"नाही. संगणकातून येणारे पत्र."

"बरं. पासवर्ड चोरला कसा? कुलूप तोडून? धमकी दिली?"

"नाही. त्यांनी विचारला."

"आन् तुमी?"

"सांगितला."

त्यांनी लेखणी थांबवून माझ्या शेंडीपासून पायांतल्या वहाणांपर्यंत पाहिले. "लिवू का असंच?"

"असेच लिहा," मी म्हणालो. कमलताई शेजारच्या बाकावर बसून हे सर्व ऐकत होत्या. नंतर तो माणूस कधी सापडला नाही.

घरी आल्यावर त्यांनी चहा केला. कप माझ्यापुढे ठेवून त्या म्हणाल्या, "तिकिटाचं मी बघते. शिरीषला मात्र मी नाही सांगणार. ते तुम्ही सांगायचं."

"मी आजच पत्र लिहितो."

"पत्र नको, गुरुजी." त्यांचा आवाज चढला नाही, तरी मला तो लागला. "तिकडे आता उजाडलं असेल. मी फोन लावते, तुम्ही बोला. मी इथेच बसते."

त्यांनी फोन लावला आणि माझ्या हाती दिला. तार अमेरिकेपर्यंत पोचायला जो क्षण लागतो, तेवढ्यात मी अनेक सुंदर वाक्ये रचली आणि टाकून दिली. शिरीषचा आवाज आला. माझा आवाज ऐकून तो आनंदाने ओरडलाच. "गुरुजी! तुम्ही बोलताय? ऑपरेशन झालं?"

मी त्याला सर्व सांगितले. गोत्र, पत्र, चोर, बँक, सारे. मध्ये थांबलो नाही. तो हळू आवाजात म्हणाला,

"पहिल्या पत्राचा मला थोडा संशय आलाच होता, गुरुजी. तुम्हाला पुतण्या आहे हे कधी ऐकलं नव्हतं. आईला म्हटलं, थांब जरा, दोन दिवस बघू. पण मग तुमचं पत्र आलं. 'प्रकृतीची चिंता नसावी. कोणीही द्रव्य पाठवू नये.' ते वाचलं आणि खात्रीच पटली. म्हटलं, हे गुरुजीच. इतके आजारी आहेत, तरी आमच्यापासून लपवताहेत. तेव्हाच आईला फोन केला, की आजच्या आज पाठव."

समोर कमलताई माझ्या चेहऱ्याकडे पाहत होत्या. त्यांना पलीकडचे ऐकू येत नव्हते.

"बरोबर ओळखलेस, बाळ," मी म्हणालो. "मी लपवीतच होतो."